ट्रोलिंग मोटर पाच नंबरवर दम सोडते, ब्रेकर पडतो आणि बॅटरी मात्र फुल दाखवते

आधी आजार सांगतो, म्हणजे तुमचा तोच आहे का ते बघा. होडी चौदा फुटी फायबरची, मागं ५५ पौंड रेट्याची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर (होडी ढकलणारी, बॅटरीवर चालणारी पंख्याची मोटर), जुन्या पद्धतीची पाच स्पीडवाली, बॅटरी इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-अवर) ट्युब्युलर आणि मध्ये ६० अँपिअरचा ब्रेकर, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप तोडणारा स्विच. सांगलीजवळच्या हरिपूरच्या संगमाकडं जायचं म्हणून निघायचं, तीन नंबरवर कितीही वेळ चालवा काही होत नाही, पण पाचवर टाकली की पहिली दोन-चार मिनिटं बरी जाते, मग आवाज बसल्यासारखा होतो, पाणी कापायचा जोर कमी होतो आणि दहा-बारा मिनिटांत टक्‌ करून ब्रेकर पडतो. लगेच दाबला तर बसत नाही. दहा मिनिटं वल्ही मारा, मग बसतो, मोटर सुरू होते आणि पुन्हा तेच. आणि वैताग म्हणजे बॅटरीला मीटर लावला की १२.६.

हे आमचं दीड वर्ष चाललं. त्यात काय काय बदललं ऐका. पहिल्यांदा बॅटरी, कारण जो बघेल तो म्हणणार "बॅटरी गेलीय", मी पण तेच म्हणत होतो. नवीन बॅटरी आणली, पहिल्या दिवशी बरी वाटली (मनाचे खेळ, दुसरं काय), दुसऱ्या रविवारी परत ब्रेकर पडला. मग ब्रेकर बदलला. तरी तेच. मग मावसभाऊ म्हणाला मधून ब्रेकरच काढून टाकू, डायरेक्ट करू, आणि मूर्खासारखं आम्ही ते एकदा केलं पण. त्या दिवशी मोटर बंद पडली नाही हे खरं, पण काठाला आल्यावर वायरचा वास येत होता आणि वरचं प्लॅस्टिक बोटानं दाबलं तर गरम मेणासारखं मऊ. १५० एएचच्या बॅटरीत शॉर्ट झाला तर हजारभर अँपिअर सहज निघतात, वायर लाल होऊन फायबरला आग लागायला किती वेळ लागतो, आणि नदीच्या मध्यात पळणार कुठं. तेव्हा ब्रेकर काढून "दुरुस्ती" हा प्रकार डोक्यातून काढा. घरातला एमसीबी बसवायचा सल्ला पण मिळाला होता. तो एसीसाठी असतो, एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी आपोआप विझते, डीसीत करंट सलग असतो. डीसीवर चालेल असं ज्याच्यावर लिहिलंय तोच घ्या, आणि तो बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका बरा, कारण ब्रेकर मोटरचा नाही, वायरचा रखवालदार असतो.

आता आपल्याकडच्या लोकांची एक पक्की समजूत, जिच्यामुळं आम्ही सहा महिने चुकीच्या वाटेनं गेलो. आमच्या मळ्यावर मोटरपंप आहे, सांगली-मिरजेकडं ज्याच्या घरी शेती आहे त्याला हे पाठ असतं की व्होल्टेज कमी झालं की अँपिअर वाढतात आणि मोटर जळते. ते बरोबर आहे, पण त्या एसीच्या इंडक्शन मोटरसाठी. तिला ठराविक गतीच्या आसपासच फिरायचं असतं, व्होल्टेज पडलं की तेच काम करायला ती जास्त करंट ओढते. ट्रोलिंग मोटर म्हणजे आत चुंबक असलेली साधी ब्रशची डीसी मोटर. तिला व्होल्टेज कमी मिळालं की ती नुसती हळू फिरते, पंखा हळू फिरला की पाण्याचा विरोध झपाट्यानं कमी होतो आणि अँपिअर उलट उतरतात. म्हणजे वायरमध्ये व्होल्टेज खाल्लं जात असेल तर त्यानं मोटर मंद होईल, ब्रेकर पडणार नाही. आमच्याकडं दोन्ही होत होतं, म्हणजे आजार दोन होते, आणि आम्ही एकच औषध शोधत बसलो होतो.

मीटरचं पण एक सांगतो. पंपवाल्या मेकॅनिककडून क्लॅम्प मीटर आणला, वायरला चिमटा लावला, मोटर पाचवर, आणि मीटरवर शून्य. तात्या (होडीचं सगळं तेच बघतात, पोहायला पण मला त्यांनीच शिकवलं) म्हणाले, "करंटच जात नाय तर मोटर काय देवाच्या नावानं फिरतीय का?" साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, डीसीवर शून्यच दाखवणार. डीसीवाला वेगळा येतो, महाग असतो, पण तो नसला तरी अडत नाही, कारण साध्या मल्टिमीटरवर सगळं सापडतं. फक्त मोजायचं मोटर चालू असताना. बॅटरी रिकामी बसलेली असताना १२.६ दाखवते म्हणजे ती भरलेली आहे एवढंच कळतं. नळाला तोटी बंद असताना दाब चांगला असतो हो, तोटी उघडल्यावर पाईपात काय अडकलंय ते कळतं.

तर पद्धत अशी. होडी काठाला दोरानं घट्ट बांधली, पंखा पाण्यात, मोटर पाचवर. (कोरड्यात चालवून काही कळत नाही, लोडच नसतो. हात आणि दोर पंख्यापासून लांब.) मीटर डीसी २० व्होल्टवर. पहिलं माप बॅटरीच्या दोन पोलवर, आणि पोल म्हणजे शिशाचा गोळा, त्यावर बसवलेलं थिंबल (वायरच्या टोकाला दाबलेली भोकाची धातूची टोपी) नाही, हे महत्त्वाचं आहे, मीटरची सुई शिशातच टेकवायची. आलं १२.१. चालत्या लोडवर ट्युब्युलरला हे उत्तम, म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष. दुसरं माप मोटरची स्वतःची वायर जिथं आमच्या वायरला जोडली होती तिथं. आलं १०.२. जवळजवळ दोन व्होल्ट रस्त्यात गायब. दीड वर्ष आणि एक बॅटरी आणि एक ब्रेकर, आणि हे शोधायला पाच मिनिटं लागली.

पुढं कुठं गायब ते शोधायचं. एक सुई बॅटरीच्या प्लस पोलवर आणि दुसरी मोटरकडच्या प्लसच्या जोडावर. दोन्ही एकाच प्लसच्या वाटेवर, म्हणजे आदर्श स्थितीत शून्य यायला हवं. मोटर चालू असताना १.१ आलं. तसंच मायनसला, ०.८. मग सुया जवळ जवळ आणत जायच्या: पोल ते थिंबल, थिंबल ते वायरचं तांबं, ब्रेकरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, असं. प्रत्येक जोडाला किती व्होल्ट खाल्लं जातंय ते सरळ दिसतं. चांगल्या जोडाला मीटर हललाही नाही पाहिजे, ०.०१-०.०२ व्होल्ट ठीक. आमच्याकडं प्लसच्या वायरमध्ये ०.६, मायनसच्या वायरमध्ये ०.६, मायनसच्या थिंबलला ०.२, आणि ब्रेकरच्या एका स्टडवर (वायर कसायच्या बोल्टवर) ०.४. एका स्टडवर! दुसरा स्टड गार, हा एक हात लावला की चटका.

तो स्टड उघडला तेव्हा काय दिसलं सांगतो. ब्रेकरचा स्टड ६ एमएमचा आणि आमच्या थिंबलचं भोक १० एमएमचं, बॅटरीसाठीचं थिंबल तिथं लावलेलं. भोक मोठं म्हणून ज्यानं बसवलं त्यानं थिंबलच्या खाली लोखंडी वायसर टाकला, मग थिंबल, मग वर अजून एक वायसर आणि नट. म्हणजे सगळा करंट त्या खालच्या लोखंडी वायसरमधून जात होता. वायसर तापून निळा-जांभळा झालेला, मोराच्या पिसासारखा, आणि थिंबलच्या गळ्याशी काळी काजळी. वायसर नटाच्या खाली असतो, थिंबलच्या खाली नाही, थिंबल आणि ब्रेकर तांब्याला तांबं चिकटले पाहिजेत. ज्यानं बसवलं त्याचं नाव मी सांगणार नाही, तो मीच आहे. आणि नवीन ब्रेकर आणला तेव्हा तोच वायसर, तेच थिंबल काळजीपूर्वक जसंच्या तसं परत लावलं होतं.

आता ब्रेकर का पडत होता ते जुळलं. पुढं डीसीवाला क्लॅम्प मीटर एका सोलरवाल्या मित्राकडून मिळाला तेव्हा करंट ३५ अँपिअर निघाला, ब्रेकर ६० चा. त्यानं पडायचं काहीच कारण नाही. पण ०.४ व्होल्ट गुणिले ३५ अँपिअर म्हणजे १४ वॅट, आणि हे सगळं त्या एका स्टडवर. रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, म्हणजे अर्धं सोल्डरिंग आयर्न आम्ही ब्रेकरला चिकटवून ठेवलं होतं. असल्या ब्रेकरच्या आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापली की वाकते आणि टक्‌ होतो. तिला काय कळणार की उष्णता करंटची आहे का बाहेरच्या ढिल्या जोडाची. म्हणून दहा मिनिटं गार झाला की परत बसायचा, म्हणून तीन नंबरवर कधी पडला नाही, आणि म्हणूनच एप्रिल-मे मध्ये लवकर पडायचा, दिवाळीच्या सुमारास उशिरा. तुमचा ब्रेकर पडल्यावर लगेच दोन्ही स्टडला बोट लावून बघा (मोटर बंद करून, आणि जपून). एकच बाजू गरम असेल तर ब्रेकर चांगला आहे, जोड वाईट आहे.

उरला वायरचा प्रश्न, प्रत्येकी ०.६. हे कुठून आलं ते आठवायला वेळ लागला. सुरुवातीला बॅटरी मागं मोटरच्या शेजारीच होती, वायर हातभर. पण पन्नास किलोच्या वर बॅटरी, त्यात मोटर, त्यात मागं बसलेला माणूस, होडीचं मागचं अंग पाण्यात बसायचं आणि नाक आभाळाकडं. म्हणून तात्यांनी बॅटरी पुढं सरकवायला सांगितली, ते अगदी योग्य होतं, होडी सरळ चालायला लागली. वायर मात्र कमी पडली, तर बोअरच्या सबमर्सिबलची चपटी केबल घरात पडली होती, चार एमएमची, तिचा साडेतीन मीटरचा तुकडा जोडला. काम झालं, चहा प्यायला, विसरलो. आजार बरोबर तिथून सुरू झाला होता आणि दीड वर्षात एकालाही ते आठवलं नाही.

केबल वाईट नव्हती, ती चांगल्या तांब्याची असते, पण ती ४१५ व्होल्टवर दहा-बारा अँपिअर न्यायला बनवलेली. ४ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला ५ ओहमच्या जवळ असतो. जायचे साडेतीन मीटर आणि यायचे साडेतीन, सात मीटर धरायचे, यायचे विसरायचे नाहीत, तर ०.०३५ ओहम. गुणिले ३५ अँपिअर, सव्वा व्होल्ट झालं. पंपाच्या ४१५ मधून सव्वा व्होल्ट गेलं तर कुणाला कळणार पण नाही, १२ मधून गेलं म्हणजे दहावा हिस्सा गेला. १२ व्होल्टच्या कामात वायर एवढी जाड का लागते त्याचं उत्तर एवढंच आहे.

आम्ही शेवटी १६ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल घेतली. बारीक तारांची असते म्हणून होडीत वळवायला सोपी, वरचं रबर दणकट. घेताना टोक सोलून तांबंच आहे का बघा, बाजारात अॅल्युमिनियमची वेल्डिंग केबल पण मिळते, दिसायला सारखी आणि किमतीला गोड. तिचं माप १६ असलं तरी तांब्याच्या १६ एवढं काम ती करत नाही आणि जोडाला कुरकुर करते. थिंबल यावेळी हातोडीनं ठोकलं नाही, कुपवाडच्या एमआयडीसीत पॅनेलचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपात जाऊन हायड्रॉलिकनं दाबून घेतलं, ब्रेकरसाठी ६ एमएम भोकाचं आणि बॅटरीसाठी १० चं, वरून श्रिंक स्लीव्ह. जुनं मायनसचं थिंबल कापून बघितलं, ते ठोकलेलंच होतं, आत निम्म्या तारा मोकळ्या आणि तांबं हिरवट काळं. नदीचं गोडं पाणी आहे, खारं नाही, मग गंज कसा असं वाटलं होतं, तर तो पाण्याचा नाही, चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून जी वाफ येते त्या अॅसिडचा. खायच्या सोड्याच्या पाण्यानं पोल धुवा (झाकणं घट्ट लावून, ते पाणी आत जाता कामा नये), पुसा, वायर ब्रशनं घासा, घट्ट बसवा, आणि मग वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन लावून मग कसायचं नाही. विंग नट असेल तर काढून साधा नट पान्यानं आवळा, बोटानं आवळलेला विंग नट लाटांच्या हादऱ्यानं ढिला होतोच. पाना वापरताना आधी मायनस काढा आणि बसवताना मायनस शेवटी, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा. चार्जिंग उघड्या हवेत, वाफेत हायड्रोजन असतो, तिथं बिडी नको.

परत मोजलं. करंट आता ४५ अँपिअर, बॅटरीवर ११.९, मोटरजवळ ११.४. अर्धा व्होल्ट सगळ्या रस्त्याला मिळून, ब्रेकरचे दोन्ही स्टड हाताला कोमट. होडी पाचवर अशी उचलली की तात्यांनी होडीचा काठ धरला.

पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगतो: हे केल्यावर बॅटरी पहिल्यापेक्षा लवकर उतरायला लागली. साहजिक आहे, आधी मोटर ३५ ओढत होती, आता ४५. आणि १५० एएच हा आकडा २० तासांच्या हिशेबाचा असतो, म्हणजे साडेसात अँपिअरनं ओढली तर २० तास. ४५ नं ओढली तर तेवढी क्षमता हाताला लागतच नाही, शंभर-सव्वाशेच्या मध्ये कुठंतरी धरा, आणि त्यातली अर्धीच वापरायची म्हटली (शिशाच्या बॅटरीला तेच बरं, आराम दिल्यावर १२.२ च्या खाली नेऊ नका) तर पाचवर सव्वा तास. परतीचा प्रवाहाविरुद्धचा वेळ त्यात धरून ठेवायचा. तीनवर चालवा, बराच जास्त पल्ला मिळतो. ज्यांच्याकडं बटणानं हळूहळू स्पीड वाढवायची नवीन मोटर आहे त्यांना कमी स्पीडला अजून फायदा होतो, जुन्या पाच स्पीडवालीत खालच्या गतीला काही करंट आतल्या कॉइलमध्ये नुसता गरम होऊन जातो. त्यावरून आठवलं, एक ते चार नंबर मेलेत आणि फक्त पाच चालतो असं झालं तर वायरिंग उपसत बसू नका, ती कॉइल जळालेली असते, पाचला तिच्यातून जावं लागत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी लावायचा मोह पण नको, ती स्टार्टरला दोन सेकंद दणका द्यायला बनवलेली असते, तासभर उपसली की वर्षात बसते.

ती "गेलेली" जुनी बॅटरी? मावसभावाच्या घरी इन्व्हर्टरला लावलीय, मस्त चालतीय.

सगळं वायरिंग चांगलं असून ब्रेकर अचानक पडला तर पहिल्यांदा पंखा उचलून बघा. कृष्णेत जलपर्णी आली की तिच्या मुळ्या दांड्याला अशा गुंडाळतात की मोटर अडते, आणि अडलेल्या मोटरचे अँपिअर खरोखर वाढतात, तिथं ब्रेकर पडतो तो बरोबर पडतो. लगेच दाबायचा नाही, आधी वायर काढायची, मग मुळ्या. पंख्याची पिन काढून मागं तंगूस अडकलाय का ते पण बघा, कुणाचा तरी तुटलेला गळ असतो, तो तंगूस दांड्याच्या सीलमध्ये शिरला की सील कापतो आणि पाणी मोटरच्या आत. आमच्या पंख्यामागून हातभर निघाला होता.

मोठ्या होडीवाल्यांचं थोडं. ७०-८० पौंडाच्या मोटरी २४ व्होल्टच्या असतात, त्याला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, उरलेले दोन पोल मोटरला. एएच तेवढेच राहतात, व्होल्ट दुप्पट. १२ च्या मोटरला जास्त वेळ पाहिजे म्हणून दोन बॅटऱ्या लावायच्या तर पॅरलल, प्लसला प्लस, मायनसला मायनस, आणि मोटरचा प्लस एका बॅटरीवरून, मायनस दुसरीवरून घ्या, म्हणजे दोघींवर लोड सारखा पडतो. सिरीजचा तो मधला तुकडा पॅरलल करताना चुकून तसाच राहिला तर सरळ शॉर्ट आहे, म्हणून तो लाल-काळा न ठेवता पिवळ्या टेपनं गुंडाळा. १२ च्या मोटरला २४ गेलं तर विषय संपला. २४ च्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून दिवा किंवा पंप चालवू नका, ती एक नेहमी अर्धी राहते आणि चार्जिंगला दुसरी उकळते. जुनी आणि नवी एका जोडीत नको. प्लस-मायनस उलटं लागलं तर आमच्यासारखी जुनी मोटर उलटी फिरते आणि हसून विषय संपतो, बोर्डवाल्या नव्या मोटरचा बोर्ड जाऊ शकतो.

आणि ही होडी आम्ही २०१९ च्या पुरानंतर घेतली होती, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं ते बघून, की पुढच्या वेळी आपली सोय असावी. ५५ पौंडाचा रेटा म्हणजे साधारण २५ किलो, एक धट्टाकट्टा माणूस मागून ढकलतोय एवढाच. पुराच्या ओढीपुढं तो काही नाही, पावसाळ्यात पाणी चढलं की आमची होडी काठावर उलटी घालून बांधलेली असते आणि बॅटरी घरात.

आता कुणी फोन करून "मोटर दम सोडते" म्हणालं की मी बॅटरी कुठली, किती जुनी हे विचारतच नाही. पाच नंबरवर चालू असताना पोलवर किती, मोटरजवळ किती, वायर किती लांब आणि किती एमएमची, आणि होडीत शेवटचं काय हलवलं, एवढं विचारतो.